लिलावातला छोटा ट्रॅक्टर: आधी कागद, मग पुली, मग बोली

प्रश्न: तासगाव तालुक्यात आमची तीन एकर जमीन आहे. दीड एकर द्राक्षबाग, नऊ बाय पाच फुटांवर. बाकी ऊस, साडेचार फुटी सरी. फवारणीच्या वेळी दरवेळी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट बघावी लागते. मिरजेत एका फायनान्स कंपनीनं ओढून आणलेल्या ट्रॅक्टरांचा लिलाव पुढच्या आठवड्यात आहे. यादीत महिंद्रा युवराज २१५ (२०१५), मित्सुबिशी शक्ती १८०डी (२०१४) आणि कुबोटा बी२४४१ (२०१९, आरसी बुक नाही असा शेरा) असे तीन छोटे ट्रॅक्टर आहेत. आमचं बजेट अडीच लाख. थोरले बंधू म्हणतात, स्टार्टर मारून बघायचा, लागला की घ्यायचा. फवारणीचा ब्लोअर सहाशे लिटरचा घ्यायचा विचार आहे. काय बघावं, आणि कितीपर्यंत बोली लावावी?

उत्तर: तुमच्या बंधूंचा सल्ला मोकळ्या बाजारातल्या ट्रॅक्टरला थोडाफार चालेल. तिथं मालक समोर असतो, ट्रॅक्टर काल-परवापर्यंत शेतात चाललेला असतो. लिलावातला ट्रॅक्टर महिनोन्‌महिने यार्डात उघड्यावर उभा असतो, मालक भांडून गेलेला असतो, आणि विक्री "जसा आहे, जिथे आहे" या अटीवर होते. त्यामुळे इथं दोन गोष्टी आधी तपासायच्या: कागद तुमच्या नावावर होणार का, आणि उभं राहून आत काय सडलंय. स्टार्टरचा नंबर त्यानंतर.

आधी कामाचं बघू, कारण तीनपैकी एक ट्रॅक्टर इथंच गळतो. युवराज २१५ हा एका सिलिंडरचा, १५ एचपीचा ट्रॅक्टर. पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर, त्यातले साधारण ११ एचपी मिळतात आणि त्याचं स्वतःचं वजन साडेसातशे-आठशे किलोच्या घरात. सहाशे लिटरच्या ब्लोअरमध्ये नुसतं पाणीच सहाशे किलो, वर टाकी, पंप आणि पंखा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की काळ्या रानात फवारणी टाळता येत नाही, आणि नेमकं तेव्हाच दोन चाकांवर ओढणारा हलका ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला घसरतो. युवराज घ्यायचाच असेल तर ब्लोअरचा विचार बदला, मागे तीन पॉइंटवर बसणारा दोनशे लिटरचा लहान ब्लोअर धरा. शक्ती १८०डी साडेअठरा एचपीचा, तीन सिलिंडरचा, आवाजाला आणि थरथरीला युवराजपेक्षा बरा, पण त्याची लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार उचलायची ताकद, ५०० किलोची. आंतरमशागतीला छान, भरलेल्या मोठ्या ब्लोअरला अपुरा. बी२४४१ चोवीस एचपीचा आणि चारही चाकांवर ओढणारा. तुमच्या कामाला तोच योग्य, आणि नेमकी त्याचीच आरसी गायब आहे.

उसाचंही मोजून घ्या. साडेचार फूट म्हणजे १३७ सेंटिमीटर. ऊस गुडघ्याच्या वर गेला की दोन्हीकडून नऊ-नऊ इंच पानांना सोडायला हवेत, म्हणजे मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत तीन फुटांच्या आत ट्रॅक्टर हवा. टेप घेऊन यार्डातच मोजा. मागची चाकं उलटी बसवून रुंदी कमी-जास्त करता येते का, रिमचे बोल्ट गंजून जाम झालेत का, हेही तेव्हाच दिसतं.

आता कागद. यादीतल्या प्रत्येक ट्रॅक्टरचा नोंदणी क्रमांक घेऊन वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर टाका. नोंदणी कुठली आहे ते पहिल्या अक्षरांवरून कळतं: सांगली एमएच १०, सातारा एमएच ११, कराड एमएच ५०. बोजा (कर्जाची नोंद) कोणाच्या नावाचा आहे, विमा कधी संपला, नोंदणीची मुदत कधीपर्यंत, काळ्या यादीचा शेरा आहे का, हे सगळं लिहून घ्या. नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१४ च्या ट्रॅक्टरची २०२९ ला संपेल, मग फेरनोंदणीचा खर्च आणि धावपळ तुमची. बोजा विकणाऱ्या कंपनीऐवजी दुसऱ्याच बँकेचा दिसला तर तो लॉट, म्हणजे यादीतला तो ट्रॅक्टर, तिथंच सोडा.

मग यार्डात जाऊन चेसिस आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घ्या. नंबरावर गंज चढला असेल तर आधी डिझेलचं फडकं मारा. आकडा उठत नाही, किंवा आजूबाजूला ग्राइंडर फिरल्यासारखी चकाकी आहे, तर पुढं बघायची गरज नाही. इंजिन नंबर वेगळा निघणं हा प्रकार छोट्या ट्रॅक्टरात बराच होतो, कारण एका गावच्या दोन ट्रॅक्टरांतून एक चालू करायची सवय असते. आरटीओत ते अडकतं.

फायनान्सच्या लिलावात ट्रॅक्टर तुमच्या नावावर होण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे जुन्या मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३०, सोबत कंपनीचा बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत. कर्ज देतानाच कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवलेल्या असतात आणि लिलावात तेच हातात देतात. अडचण अशी, की आता हस्तांतर ऑनलाइन भरताना जुन्या मालकाच्या नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो, आणि ज्याचा ट्रॅक्टर ओढून नेलाय तो माणूस ओटीपी कशाला देईल? दुसरी वाट लांबची पण पक्की. कंपनी फॉर्म ३६ भरून स्वतःच्या नावाची आरसी मागते, आरटीओ मूळ मालकाला आरसी जमा करायची नोटीस काढतं, आरसी कंपनीच्या नावानं होते आणि मग कंपनी ती तुम्हाला वर्ग करते. आरसी हरवलेल्या किंवा मालकानं न दिलेल्या ट्रॅक्टरला हीच वाट धरावी. म्हणून कुबोटाच्या बाबतीत एकच प्रश्न विचारा: फॉर्म ३६ ची प्रक्रिया झाली आहे का, की व्हायची आहे? व्हायची असेल तर किती दिवसांत, आणि न झाल्यास पैसे परत, असं कंपनीच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर लेखी घ्या. "होऊन जाईल साहेब" यावर एक रुपयाची बोली लावू नका.

मालकानं कोर्टात किंवा ग्राहक आयोगात वाद घातलाय का, हेही त्याच पत्रात विचारा. आणि आरसीच नाही म्हणजे मुळात पासिंगच (आरटीओत नोंदणीच) झालेलं नाही, असं तर नाही ना, तेही बघा. शेतातच राबणारे छोटे ट्रॅक्टर अनेकदा पासिंगशिवायच वापरले जातात. तसं असेल तर डीलरचा फॉर्म २१ आणि कंपनीचा फॉर्म २२ लागतो. ते नसतील तर तो ट्रॅक्टर कायम बांधावरच राहील.

तुमच्या भागात पतसंस्थांचे लिलावही होतात, तिथं कागद वेगळे. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, कलम १५६ खालचा वसुली अधिकारी आणि नियम १०७ प्रमाणे जप्ती-विक्री, असा तो क्रम असतो. दाखल्याची प्रत, जप्तीचा पंचनामा आणि वसुली अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याचा विक्री दाखला, तिन्ही मागा. सरकारी खात्याच्या जाहीर लिलावात घेतलेल्या वाहनाला फॉर्म ३२ असतो आणि तो ३० दिवसांत द्यावा लागतो. पतसंस्थेच्या बाबतीत बोलीआधी कागदांच्या झेरॉक्स आपल्या आरटीओत दाखवून कोणता फॉर्म घेणार ते विचारून या. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

कागद पटले की इंजिन. यार्डात जाताना मिस्त्री सोबत न्या, आणि चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी, जाड केबल, टॉर्च, पाना सेट, दोन लिटर स्वच्छ डिझेल, पांढरं फडकं, लहान जॅक आणि टेप बरोबर ठेवा. पाहणीचा दिवस नोटिशीत दिलेला असतो. तो चुकला तर लिलावाच्या दिवशी कोणी बोनेट उघडू देत नाही.

पहिली नजर सायलेन्सरच्या तोंडावर. उभा सायलेन्सर, वर झाकण नाही, डबाही घातलेला नाही, आणि ट्रॅक्टर एक पावसाळा यार्डात होता, असं असेल तर पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत गेलेलं असतं. व्हॉल्व्ह उघडा असलेल्या सिलिंडरात ते उतरतं, रिंगा लायनरला गंजून चिकटतात. असा ट्रॅक्टर स्टार्टरनं फिरवला तर रिंग तुटते किंवा पाणी दाबलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून स्टार्टर आधी नाहीच.

गिअर न्यूट्रल, इंजिन बंद करायचा नॉब ओढलेला, आणि क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरवा, नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनंच. युवराजमध्ये दोन फेऱ्यांत एकदा जोरदार अडलं पाहिजे, पाना सोडला तर पुली मागे उसळली पाहिजे. मऊ पडून हळूच निघून गेलं तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गेलेत. शक्ती आणि कुबोटाला तीन सिलिंडर, म्हणजे दोन फेऱ्यांत तीन अडथळे, तिन्ही सारखे. एखादा हलका लागला तर तोच सिलिंडर आजारी. पुली हललीच नाही तर जोर लावू नका. इंजिन जाम आहे असं समजून फुल इंजिन कामाचा खर्च धरा किंवा पुढच्या लॉटकडे वळा.

पुली नीट फिरली तर डिपस्टिक काढा. ऑइल काळं असलं तरी चालेल, पण दुधाळ असेल तर आत पाणी आहे. रेडिएटरचं झाकण थंड असताना उघडा. वर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट किंवा क्रॅक. जत-आटपाडीकडून आलेला ट्रॅक्टर असेल तर रेडिएटरच्या तोंडाशी बोट फिरवा. कूलंटऐवजी बोअरचं खारं पाणी वर्षानुवर्षं भरलं असेल तर पांढरा खडबडीत थर लागतो. तोच थर हेडच्या पाणीवाटांतही असतो, आणि ट्रॅक्टर रोटर (रोटाव्हेटर) मारताना तापतो.

मग स्वतःची बॅटरी लावा. जमलं तर टाकीतलं डिझेल बाजूला ठेवून फीड पंपाला आपल्या कॅनमधून डिझेल द्या, कारण उभ्या टाकीत पाणी आणि गाळ साचलेला असतो आणि तो नोझलपर्यंत नेण्यात अर्थ नाही. सुरू करण्याआधी ब्लॉकवर हात ठेवा. गरम लागला तर तुमच्या येण्याआधी कुणीतरी चालू करून ठेवलाय, म्हणजे थंड इंजिन लागत नसणार. दोन तास थांबा, मग परत बघा. चालू झाल्यावर दोन मिनिटांत बंद करू नका, पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. सुरुवातीचा पांढरा धूर गरम झाल्यावर जायला हवा. निळा टिकला तर ऑइल जळतंय. काळा असेल तर आधी एअर क्लीनर बघा. ऑइल-बाथची वाटी उघडून आत चिखल असेल, किंवा क्लीनरपासून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीत आतून धूळ लागली, तर ती धूळ लायनर खाऊन गेलेली आहे. ऑइल भरायचं झाकण सैल करून हात धरा. वाफ थोडी येतेच, पण झाकण उडू लागलं आणि धुराचे ठोके आले तर निदान हाफ इंजिन काम ठरलेलं.

ट्रॅक्टर कुठल्या कामावरून आलाय हे ओळखा. त्यावर पुढचा सगळा अंदाज बसतो. द्राक्षबागेतला ट्रॅक्टर अवर मीटरवर कमी तास दाखवतो, पत्राही कधी नवा रंगवलेला असतो, पण त्यानं वर्षानुवर्षं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि गंधकाची वाफ खाल्लेली असते. बॅटरीच्या खालची वायरिंग उघडा, कनेक्टर ओढून बघा. तांब्याच्या टोकांवर हिरवी-निळी पावडर असेल तर पूर्ण हार्नेस (वायरिंगचा संच) बदलायची तयारी ठेवा. रेडिएटरची पातळ जाळी नखानं हलकेच घासा. भुगा होऊन पडत असेल तर रेडिएटर संपला. पीटीओ शाफ्टच्या खाचांवरून बोट फिरवा. धार लागली तर ब्लोअरच्या झटक्यांनी झिजलाय, आणि मागच्या सीलमधून ऑइल ओघळलेलं दिसेलच. पाटण, जावळी, शिराळ्याकडचा भाताच्या चिखलणीवरचा ट्रॅक्टर असेल तर मागच्या एक्सलचे सील आणि ब्रेक बघा, गिअर ऑइलची डिपस्टिक काढा. तिथं दुधाळ रंग म्हणजे हौसिंगमध्ये पाणी, बेअरिंग आणि क्राऊन-पिनियनपर्यंत. भाड्यानं रोटर मारणाऱ्याचा असेल तर क्लच. वरच्या गिअरमध्ये, ब्रेक दाबून, क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. ते फिरतच राहिलं तर प्लेट गेली, आणि क्लचसाठी ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो, त्यामुळे मजुरी सुट्या भागाइतकीच धरा.

लिफ्टसाठी खालच्या दांड्यांवर दोघं उभे राहा, लिफ्ट वर घ्या, इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा. दोन इंचांपेक्षा जास्त खाली आली तर पिस्टनचं सील किंवा व्हॉल्व्ह. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, किंग पिन, बुश आणि बेअरिंगचा खेळ हातात कळतो. लाइट, सीट, मीटरवर वेळ घालवू नका.

कुबोटाला मात्र टायर बारकाईनं बघा. पुढे ७-१२ आणि मागे ८.३-२० असा कंपनीचा जोड आहे. फोर-व्हील ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त अंतर कापू पाहतील असं गिअर बसवलेलं असतं. कुणी स्वस्तात मिळाला म्हणून दुसऱ्या मापाचा टायर बसवला, किंवा पुढचे नवे आणि मागचे गोटा झालेले असले, तर ते गणित बिघडतं आणि ताण पुढच्या एक्सलच्या बेव्हल गिअरवर येतो. पुढच्या दोन्ही टोकांच्या घरांतून ऑइल गळतंय का बघा. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. २०१९ च्या ट्रॅक्टरला मूळचेच टायर आणि नक्षी शिल्लक असेल, तर मीटरवरच्या कमी तासांवर थोडा विश्वास ठेवता येतो.

बोलीचा आकडा घरी, कागदावर काढा. नमुना असा: युवराज चालू स्थितीत, कागदांसह, तुमच्या भागात समजा १,७०,००० ला जातोय. त्यातून मागचे टायर १६,०००, बॅटरी ६,०००, सगळी ऑइल-फिल्टर ५,०००, क्लच १२,०००, विमा-आरटीओ १०,०००, वाहतूक ४,०००, लिलावाचं कमिशन २,००० आणि न दिसलेल्या बिघाडासाठी २५,००० वजा केले की ८०,००० गेले. तुमची मर्यादा ९०,०००. आकडे तुमच्या मिस्त्रीकडून आणि दुकानातून घेऊन हेच गणित तिन्ही ट्रॅक्टरांचं वेगवेगळं मांडा. न दिसलेल्या बिघाडाची रक्कम कधीही शून्य करू नका, ट्रॅक्टर चालवून बघायला मिळत नाही म्हणून ती आहे. बाजारभाव विचारताना ताजा विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, नव्याची किंमत उतरली की जुन्याचीही उतरायला हवी. त्याआधीचे भाव सांगून कुणी चढवत असेल तर ऐकू नका.

नोटिशीत अजून चार गोष्टी शोधा: बयाणा किती आणि हरल्यावर किती दिवसांत परत, बाकी रक्कम भरायची मुदत, बोलीवर जीएसटी आणि कमिशन वेगळं आहे का, आणि यार्डभाडं कोणत्या तारखेपासून तुमच्यावर. बोली मंजुरीला वरच्या ऑफिसला जाते, त्यात आठवडा-दोन आठवडे जातात. त्या काळाचं भाडं तुमच्या माथी येऊ नये. पैसे फक्त संस्थेच्या खात्यात भरा, यार्डातल्या एजंटाच्या हातात रोख नाही. आणि बोली ज्याच्या नावानं आरसी करायची त्याच्याच नावानं लावा. तुम्ही लावून नंतर बंधूंच्या नावावर करायचं म्हणाल तर दुसऱ्यांदा हस्तांतर करावं लागेल.

नेहमीचे व्यापारी एकत्र उभे असतात आणि नवखा दिसला की आकडा चढवतात. त्यांच्याशी स्पर्धा करू नका. तुमचा आकडा आला की थांबा. "तुम्ही बोली मागे घ्या, आम्ही बाहेर देतो" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा, कारण मग कागदांना जबाबदार कोण, हेच ठरत नाही.

आमचं मत विचाराल तर: फॉर्म ३६ चं लेखी मिळालं आणि पुलीचे तिन्ही अडथळे सारखे लागले तर कुबोटावर बोली लावा, आणि सगळा खर्च धरून अडीच लाखांत बसेल तिथपर्यंतच. शक्ती फक्त आंतरमशागतीसाठी आणि लहान ब्लोअर चालणार असेल तरच. युवराज सोडा. कुबोटाचं लेखी मिळालं नाही तर या लिलावातून हात हलवत या, या हंगामाची फवारणी भाड्यानं करा. एप्रिल छाटणीआधी अजून लिलाव निघतील.

बोली लागलीच तर पाहणीच्या दिवशी काढलेले फोटो जवळ ठेवा: बॅटरी, स्टार्टर, अल्टरनेटर, डिझेल पंपाचा नंबर, टॉप लिंक, ड्रॉबार, चारही टायरचे शिक्के. पाहणी आणि ताबा यांच्यात याच वस्तू बदलतात. फोटोशी जुळवून झाल्याशिवाय गेटपासवर सही करू नका, आणि काही कमी असेल तर त्याच गेटपासवर लिहून यार्डवाल्याची सही घ्या. विमा निघेपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यानं चालवत आणू नका, टेम्पोत चढवून आणा. घरी आल्यावर टाकी सोडून धुवा, डिझेल फिल्टर बदला, इंजिन आणि गिअर ऑइल काढून नवं भरा, सगळ्या निपलना ग्रीस मारा, आणि मगच ब्लोअर जोडा. हस्तांतराचा अर्ज ताब्यानंतर ३० दिवसांच्या आत आरटीओत गेला पाहिजे.